विषारी हा शब्द माझा होता

पोळ्याची कर आली की ते प्रकरण माझ्यापुढे उभे राहते. मी ते विसरण्याचा प्रयत्न कधी केला नाही. विसरण्याचा हक्क मला आहे असे मला वाटत नाही.

आधी एक खुलासा. माजी पोलीस अधिकारी म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या मिशा येतात. माझे वय अजून पस्तीस नाही. पोलीस उपनिरीक्षक म्हणून पाच वर्षे काम केले आणि राजीनामा दिला. कारण घरगुती होते, या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही. इथे मी कोणाचेच नाव देणार नाही, ठाण्याचेही नाही. नागपूरहून सावनेरकडे जाताना एका बाजूला कारखाने आणि कामगारांच्या वसाहती लागतात, त्या भागातले ते ठाणे, एवढे पुरे.

माझे शिक्षण इंग्रजी शाळांत झाले. वडिलांची बदलीची नोकरी होती, त्यामुळे चार राज्यांत पाच शाळा झाल्या. घरात मराठी होती, पण ती जेवण, आजारपण आणि पाहुणे यांच्यापुरती. परीक्षेसाठी मी मराठी पुस्तकातून शिकले आणि ठाण्यात आल्यावर कळले की लोक पुस्तकातले बोलत नाहीत. मी खिशात एक लहान वही ठेवत असे. नवीन शब्द ऐकला की त्यात अर्थासह लिहायचा. आमचे एक हवालदार होते, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले. मी त्यांना काका म्हणायची. शब्दांचे अर्थ मी त्यांनाच विचारायची, कारण ते माझ्यासमोर हसत नसत. माझ्यामागे हसत असावेत.

त्या दिवशी कर होती, पोळ्याचा दुसरा दिवस. करीच्या दिवशी नागपुरात मारबतीची मोठी मिरवणूक निघते, त्यामुळे आमचे निम्मे मनुष्यबळ तिकडे बंदोबस्ताला गेले होते. ठाण्यात काका, एक महिला शिपाई आणि मी होतो. दुपारी साडेचारच्या सुमारास लँडलाइन वाजली. काकांनी उचलली. बोलणे दहा सेकंदांत संपले.

"बाई होती," काका म्हणाले. "डबेवाल्या मावशीनं डब्यात औषध टाकलं म्हणते. दवाखान्यात सांगा म्हणे. अन् ठेवला फोन."

"कुठलं औषध?" मी विचारले. "कशासाठी?"

काकांनी महिला शिपायाकडे पाहिले. तिने खिडकीकडे पाहिले.

"मॅडम, औषध म्हणजे फवारणीचं औषध. कपाशीवर मारतात ते. आपल्या इकडे कोणी म्हणलं का फलाण्यानं औषध घेतलं, तर ताप होता का म्हणून विचारू नका. सरळ पंचनाम्याचे कागद काढा."

महिला शिपायाला हसू आवरले नाही. मी मान खाली घातली आणि वहीत लिहिले: औषध म्हणजे कीटकनाशक. मग स्टेशन डायरी ओढली आणि नोंद घेतली. नोंदीत मी लिहिले, "डब्यात विषारी औषध टाकल्याबाबत अज्ञात महिलेचा फोन." पुढे वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून एक शब्द मी स्पष्टीकरणासाठी जोडला. त्या वेळी मला तो काळजीपूर्वक काम केल्याचा पुरावा वाटला.

दहा मिनिटांत दवाखान्याचा मेमो आला. ठेकेदारीवर काम करणारे चार कामगार दाखल झाले होते. चौघेही त्या दिवशी मावशीच्या डब्यातले जेवले होते. एकाची प्रकृती गंभीर होती.

मावशी वसाहतीच्या टोकाला राहायची. पन्नाशीची विधवा, पुढे-मागे कोणी नाही. रोज बेचाळीस डबे करायची. वसाहतीतल्या बऱ्याच बायका सकाळी सहाला आपापल्या कामधंद्याला निघत आणि जाताना नवऱ्याचा रिकामा डबा मावशीच्या ओट्यावर ठेवून जात. दुपारी बारापर्यंत भरलेले डबे गेटवर पोहोचत. संध्याकाळी ते परत येत, मावशी ते घासून पालथे घालायची.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती डबेच घासत होती. मी घराची झडती घेतली. हळदीच्या डब्यामागे पत्र्याची एक डबी सापडली, तिच्यात पिवळसर भुकटी होती.

"मावशी, हे काय आहे?"

"औषध."

"डब्यात टाकलं?"

"हो, टाकलं."

पंचांनी एकमेकांकडे पाहिले. मी हादरले. आरोपी असे बोलत नाहीत. आधी मी नव्हतोच, मग असलो तरी पाहिले नाही, मग पाहिले तरी आठवत नाही, हा क्रम ठरलेला असतो. या बाईने राखेने भरलेले हातसुद्धा धुतले नाहीत आणि 'टाकलं' म्हणून मोकळी झाली. नव्या कायद्याप्रमाणे पंचनाम्याचे मोबाईलवर चित्रीकरण सुरू होते. तिचा आवाज त्यात स्वच्छ आला.

सूर्यास्त जवळ आला होता. सूर्य मावळल्यावर महिलेला अटक करता येत नाही. महिला शिपायाला तिच्या घरी बसवले आणि सकाळी अटक केली. तोपर्यंत शेजारच्यांकडून हेतूही मिळाला होता. गंभीर असलेला कामगार पंधरा दिवसांपूर्वी पिऊन मावशीच्या दारात आला होता आणि त्याने वरणाचे पातेले लाथेने उडवले होते. तेव्हा ती चार लोकांसमोर म्हणाली होती, "तुह्यासाठी औषध आहे माह्याजवळ, पाहाजो."

धमकी होती, भुकटी होती, कबुली होती. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. प्रेसनोट मी लिहिली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'डब्यात विष' असा मथळा होता.

कोर्टाने पोलीस कोठडी दिली. आमच्या साहेबांनी तिची चौकशी केली. मी लिहायला बसले होते.

"कोणी सांगितलं होतं टाकायला?"

"कोणी नाही."

"किती टाकलं?"

"चिमूटभर."

"चौघांच्याच डब्यात?"

मावशी गप्प.

"काहून बोलत नाही? अजून कोणाच्या डब्यात टाकलं?"

"जे लिहाचं ते माह्यावर लिहा साहेब. बाकीचं मी सांगणार नाही."

साहेबांनी दोन तास वेगवेगळ्या बाजूंनी विचारले. ते आवाज चढवणारे नव्हते, पण थकवणारे होते. मावशी थकली नाही. शेवटी तिनेच मला विचारले, "मॅडम, घरी बेसन भिजवून ठेवलं होतं. आंबलं असन नं आता?" खुनाच्या प्रयत्नातल्या आरोपीला बेसनाची काळजी वाटते, हे मी निर्ढावलेपणाचे लक्षण समजले.

इथे एक गोष्ट सांगते. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ असते. पण तपास मात्र त्या कबुलीच्याच मागे जातो. माणूस एकदा 'हो' म्हणाला की पुढचे प्रश्न आपण त्या 'हो'ला धरूनच विचारतो. त्या दोन दिवसांत आम्ही मावशीला शंभर तरी प्रश्न विचारले असतील. सगळे प्रश्न विषाबद्दल होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. तरुण आवाज होता, झोप न झालेला.

"तुमच्या पत्रात कीटकनाशक लिहिलंय. मला ते पटत नाही. लाळ नाही, बाहुल्या बारीक झालेल्या नाहीत. चेहरे लालबुंद, उलट्या, बीपी खाली. आणि चौघंही कर म्हणून प्यायलेले. दारू सोडायच्या गोळ्या चालू असताना माणूस वर प्यायला, तर असं होतं. पण घरच्यांना विचारलं तर म्हणतात, गोळी कोणीच घेत नाही."

"मग?"

"मग तुम्ही परत विचारा. एक जण माझ्या हातून निसटतोय, आणि मी कशाविरुद्ध लढतोय ते मला माहीत नाही."

मी फोन ठेवला आणि पंचनाम्याचे चित्रीकरण पुन्हा लावले. भुकटीच्या डबीवर काही लिहिले आहे का, हे मला पाहायचे होते. काही नव्हते. पण मागे पालथे घातलेले डबे दिसत होते. काही डब्यांच्या बुडाशी एकेक टिंब होते. पंचनाम्यात आम्ही 'रंगाचे डाग' लिहून मोकळे झालो होतो. मी चित्र थांबवून मोठे केले. ते नेलपॉलिश होते. एक मरून, दोन गुलाबी, एक चमकी असलेले, एक जवळजवळ काळे. मी मोजले. अकरा डबे, आणि रंग बहुतेक वेगळे. मावशीची नखे मला आठवली. हळदीने पिवळी झालेली आणि बोटांना घट्ट कापलेली. हे रंग तिच्या घरातले नव्हते, डबे ठेवून जाणाऱ्या बायकांचे असावेत.

मी खुर्ची घेऊन कोठडीपाशी गेले. साहेब बाहेर होते. काका टेबलावर होते, त्यांना मी बोलावले नाही.

"मावशी, मला मराठी नीट येत नाही."

"दिसते ते," ती म्हणाली.

"म्हणून विचारते. तुम्ही टाकलं ते कशावरचं औषध होतं?"

ती गजांजवळ सरकली.

"तीन दिवस झाले," ती म्हणाली. "हे कोणी विचारलंच नाही. दारूवरचं."

मी तिथून उठले. पहिल्या दिवशी ठाण्यात मी हाच प्रश्न विचारला होता. बरोबर प्रश्न होता तो. लाजेने मी तो मागे घेतला, वहीत चुकीचे उत्तर लिहिले आणि मग त्या उत्तराला एक विशेषण जोडले. हसणाऱ्यांचा दोष नव्हता. आमच्या भागात त्या शब्दाने इतक्या माणसांना नेले आहे की त्याचा पहिला अर्थ कोणाला आठवत नाही. पण मला तो आठवत होता.

मी डॉक्टरांना फोन केला. ते एवढेच म्हणाले, "ठीक आहे. आता कळलं." आणि फोन कापला.

मी परत कोठडीपाशी बसले. मावशी आता बोलली, पण नावे सोडून.

"बाया काय काय करतात पाहा. एक भाजीची गाडी लावते. एकीनं समोरच्या खोलीत पार्लर टाकलं. एक बाजाराबाजारात टिकल्या-बांगड्या विकते. एक पिको-फॉल करते, तिची मशीन दोनदा पेला तो नवरा. बाईनं काही उभं केलं का तो पिऊन टाकते. मंग आठवडी बाजारात एक जण बसते, दारू सोडवाचं औषध देते. चव नाही, वास नाही, न सांगता जेवणातून द्या म्हणे. आता बाया तर सकाळीच जातात. जेवण देते कोण? मी देतो."

"किती महिने?"

"दिवाळीपासून. काही फरक नव्हता. मंग बायायनंच त्याले म्हणलं, तुह्यं औषध काही कामाचं नाही. तर त्यानं आता कडक दिलं."

"आणि तो पातेलं उडवणारा?"

"त्याले मी खरंच म्हणलं होतं. तुह्यासाठी औषध आहे म्हणून. होतंच नं."

"नावं सांगा, मावशी. गुन्हा तुमच्या एकटीवर आहे. जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतो."

"नवरे आज दवाखान्यात आहेत. उद्या घरी येतील. त्यायले कळलं का बायकोनं न सांगता खाऊ घातलं, मंग? अकरा घरात तुमचा शिपाई बसन का?"

मी पेनाचे टोपण लावले.

"माह्यावर हात उचलाले घरात कोणी नाही," ती म्हणाली. "म्हणून माह्यावरच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला एक बाई ठाण्यात आली. गळ्यात शिवणकामाचा टेप तसाच राहिला होता, चेहरा जागरणाने सुजला होता. गंभीर असलेल्या कामगाराची ती बायको.

"फोन मीच केला होता," ती म्हणाली. "त्याले लाल-लाल होताना पाह्यलं अन् मले समजलं. दवाखान्यात सांगा म्हणलं होतं मी. औषध म्हणलं होतं. तुम्ही विष कुठून आणलं?"

काका टेबलामागे उभे होते. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. डायरीतली नोंद कोणाच्या अक्षरातली आहे, हे त्यांनाही माहीत होते.

कोठडीतून मावशीचा आवाज आला. "तुले कोणी बोलावलं वं इथं?"

"मावशी, तुम्ही काहून अंदर राहाचं? मीच देल्ली होती पुडी."

"चूप राह्य. दवाखान्यात जा."

"तो मरन नं, मावशी."

"नाही मरत. मरणारे इतके त्रास देत नाहीत. जा तू."

त्या बाईचा जबाब मी तिच्याच शब्दांत घेतला. एकही शब्द जोडला नाही. वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "हो, असंच."

बाकीच्या दहा जणी आल्या नाहीत. ठाण्यासमोरच्या रस्त्यानेच त्या रोज कामधंद्याला जात असाव्यात. पुढचे काही दिवस बाजारात भाजी घेताना, टिकल्या पाहताना मी बायकांच्या नखांच्या रंगाकडे पाहायची. एकदा एका बाईच्या लक्षात आले आणि तिने हात पदराखाली घेतला. त्यानंतर मी पाहणे बंद केले. त्यांना मी कधीच दोष दिला नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. आठवडी बाजारातला विक्रेता पुढच्याच बाजाराच्या दिवशी सापडला. जुन्या पुड्यांत निव्वळ झाडपाला होता, नव्या पुड्यांत गोळ्या कुटून मिसळल्या होत्या, असा प्रयोगशाळेचा अहवाल आला. ज्यांनी त्या दिवशी दारू घेतली ते चौघेच आजारी पडले. बाकीचे सात जण ड्युटीवर होते, प्यायले नाहीत, म्हणून वाचले. खुनाच्या प्रयत्नाचे कलम वगळले गेले, निष्काळजीपणाचे कलम राहिले आणि मावशीला जामीन मिळाला. दोषारोपपत्रात मी 'बुडाशी खुणा असलेले अकरा डबे' एवढेच लिहिले. साहेबांनी विचारले, "डबे कोणाकोणाचे?" मी म्हणाले, "आरोपी सांगत नाही." हे खरे होते. साहेबांनी ते पान दोनदा वाचले आणि सही केली.

तो कामगार वाचला आणि घरी गेला. पुढे त्या घरात काय झाले ते मला माहीत आहे, पण ते सांगण्याचा अधिकार त्या बाईचा आहे, माझा नाही.

दोन महिन्यांनी कोर्टाच्या आदेशाने मावशीची जप्त केलेली भांडी परत करायची होती. हे काम शिपायाचे होते, मी स्वतः गेले. सकाळचे अकरा वाजले होते. एरवी त्या वेळी तिच्या ओट्यावर वाफेने समोरचे दिसत नसे. शेगडी बंद होती. मावशी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, एका माणसापुरते.

"डबे बंद आहेत का?" मी विचारले.

"खाते कोण माह्या हातचं? पेपरात विष छापून आलं नं."

"ते आम्ही दुरुस्त केलं, मावशी. कोर्टात..."

"कागदावर केलं," ती म्हणाली. "गेटवर नाही केलं."

मी भांड्यांची पावती पुढे केली. तिने अंगठा न लावता सही केली, सावकाश, पूर्ण नाव. मग मी ते बोलले, जे मी साहेबांनाही सांगितले नव्हते.

"फोनवर विषारी हा शब्द नव्हता. तो मी जोडला."

"काहून?"

"नीट समजावं म्हणून."

तिने निवडलेले तांदूळ एका बाजूला सारले. रागावली नाही, हसलीही नाही.

"जेवाल का?" तिने विचारले.

लोकांसमोर जेवणे मला कधी जमले नाही. ठाण्यातसुद्धा मी विश्रांतीच्या खोलीचे दार लावून डबा खात असे. मी म्हणाले, "आत नको. इथंच ओट्यावर बसते."

तिला कळले. तिने शेगडी पेटवली. वरण-भात, दोन पोळ्या, वांग्याची भाजी. अर्ध्या तासात ताट माझ्यासमोर आले. मी गणवेशात होते. गल्लीतून कामगार गेटकडे निघाले होते. दोघे थांबले. समोरच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पाण्याचा हंडा घेऊन चाललेली एक मुलगी चालायची थांबली. मी पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि उचलला.

आणि माझा हात थांबला.

क्षणभरच. प्रयोगशाळेचा अहवाल मी स्वतः वाचला होता. त्या बाईने कोणाला विष दिले नाही, हे त्या गल्लीत माझ्याइतके खात्रीने कोणालाच माहीत नव्हते. तरीही हात थांबला.

मावशीने ते पाहिले. "खा," ती म्हणाली. "थंडं होते."

मी सगळे जेवले, भात दुसऱ्यांदा घेतला, ताटात काही ठेवले नाही. समोरच्या बाईने ते पाहिले, कामगारांनी पाहिले, आणि पुढच्या आठवड्यात नऊ डबे परत सुरू झाल्याचे मला काकांनी सांगितले. पण या प्रकरणाने काय शिकवले असे कोणी विचारले, तर ते नऊ डबे मी सांगत नाही. एक शब्द जोडला तर तो किती आत जातो, हे मला कोणा साक्षीदाराने नाही, माझ्याच थांबलेल्या हाताने सांगितले.